चार मिलिमीटर

रविवारी पेशींना सुट्टी नसते.
रिक्स्त सात वाजता सायकल काढते.
ग्रोनिंगेनच्या कालव्यावर धुकं, पुलावर कुणी नाही,
आदल्या रात्रीच्या बाटल्या कठड्याला टेकलेल्या.
चौथ्या मजल्यावर ती हात धुते, पुन्हा धुते,
सदतीस अंशांच्या कपाटाचं दार उघडते
आणि गुलाबी पाणी बदलते.

नाव तिला माहीत नाही. डबीवर आकडा: शून्य-एक-चार.
कानामागून काढलेला चार मिलिमीटरचा तुकडा,
मसुरीच्या दाण्याएवढा.
त्यातून एक तळहात कातडी उगवायची आहे.

चूक म्हणाल तर एका वेलांटीची.
आईकडे एक प्रत बरोबर, एक चुकीची,
बापाकडेही तसंच. दोघांच्या अंगावर ओरखडा नाही.
बरोबर प्रती त्यांच्याजवळच राहिल्या.
वरच्या कातडीला खालचीशी बांधणारे बंद
येल्मरच्या अंगात विणलेच गेले नाहीत.
उशीवर सैल अभ्रा फिरावा तशी ती फिरते.
मोज्याची शिवण पुरते. पावाचा कडक काठ पुरतो.
मिठी पुरते.

तळहातावरच्या फोडासारखं जपलं, असं आपण म्हणतो.
ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं एखादाच फोड पाहिला असेल,
वल्ह्याचा, कुदळीचा, चार दिवसांत बसणारा.
आउक्ये रोज सकाळी मोजते. आज सतरा.
पाकिटातली नवी सुई, आडवी धरून, कडेला.
पाणी काढायचं, छप्पर ठेवायचं.
दोन तास दहा मिनिटं.
तेवढा वेळ येल्मर गावं म्हणतो,
अकरा गावांतून जाणाऱ्या बर्फावरच्या शर्यतीची,
जी त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी शेवटची झाली,
कालवे आता तेवढे गोठत नाहीत म्हणून.
स्नीक, आय्ल्स्ट, स्लोटन...
टाचेची पट्टी आली की पुढचं गाव आठवत नाही.
आई थांबते.
पुन्हा स्नीकपासून.

पहिली चादर मार्चमध्ये गेली.
कडेला पांढरा ठिपका, दुसऱ्या दिवशी तंतू. बुरशी.
रिक्स्तनं ती पिवळ्या डब्यात टाकली,
कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं
आणि जिन्यात बसून चीजचा पाव खाल्ला,
कारण खायची वेळ झाली होती.
येल्मरच्या घरी फोन दुसऱ्याच कुणी केला.
तो म्हणाला, मग दुसरा कान आहे की.

दुसरी मात्र धरली.
दात काढलेल्या एका विषाणूच्या पाठीवरून
बरोबर वेलांटी आत गेली,
ऑगस्टमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती चादर
डाव्या मांडीवर अंथरली.
एक तळहात.
बाकी सगळा मुलगा होता तसाच, पट्ट्यांत.
अहवालात लिहितील: एक रुग्ण, एक जागा, सहा महिने,
निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.
घाईचंच आहे ते. खाजेला अजून औषध नाही,
घशातले फोड तर कुणाच्या चादरीत मावत नाहीत.

फेब्रुवारीत एका दुपारी आई फोनवर असताना
येल्मरनं संत्र्यावरचा स्टिकर सोलला
आणि मांडीवरच्या त्या चौकोनावर चिकटवला.
दाबलासुद्धा.
(घरात चिकट काही आणायचं नाही,
हा नियम त्याच्या बोलण्याहून जुना.)
आउक्येचं वाक्य पलीकडच्याला अर्धंच ऐकू गेलं.

नखं त्याला नाहीत.
पट्टीतल्या दोन बोटांनी त्यानं कोपरा पकडला, ओढला.
कातडी थोडी वर आली,
कुणाच्याही येते तशी,
आणि परत जागेवर बसली.

स्टिकर बोटाच्या पट्टीला चिकटून राहिला.
त्यावर लिहिलं होतं, व्हॅलेन्सिया.
येल्मरनं ते मोठ्यानं वाचलं,
बाराव्या गावासारखं.